तीन पायऱ्यांचं रेलिंग

३ जून

चि. गुंड्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझा फोन दोनदा वाजला आणि मी उचलला नाही, म्हणून रागावू नकोस. फोनवर मी बोलायला लागले की मला रडू येतं आणि तू नुसता 'बरं, बरं' करत राहतोस. त्यापेक्षा कागद बरा. चाळीस वर्षं छापखान्यात लोकांची प्रुफं तपासली. आता स्वतःचं काही सांगायचं तर तेही ओळीतच नीट सांगता येतं.

ह्यांच्या झटक्याला पाच महिने झाले. उजवा पाय ओढत का होईना, पण टाकायला लागले होते. आमच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, तुला माहीतच आहे. मार्चमध्ये वेल्डरला बोलावून दोन्ही बाजूंना रेलिंग लावून घेतलं, भिंतीच्याच रंगाचं. उतरताना एका बाजूचं धरायचं, चढताना दुसऱ्या बाजूचं, कारण हात एकच चालतो. रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत जायचे नि परत. परत आले की जहाज लावून आल्यासारखा चेहरा.

एप्रिलच्या शेवटी घरमालक संघाची नोटीस आली. 'सदर बांधकाम वसाहतीच्या दर्शनी एकजिनसीपणास व सौदंर्यास बाधक असल्याने पंधरा दिवसांत हटवावे, अन्यथा संघ ते हटवील.' सौंदर्यावरचा अनुस्वार चुकीच्या अक्षरावर. मी लाल पेनाने दुरुस्त केला आणि नोटीस खणात टाकली. वाटलं, सेक्रेटरींना भेटून समजावू. एकसारख्या दिसणाऱ्या एकशे चाळीस घरांत दोन पाइप कोणाच्या डोळ्यांत खुपणार?

तेवीस मेला ह्यांना व्यायामाला दवाखान्यात नेलं होतं. दुपारी परत आलो तर रेलिंग नाही. फरशीत चार गोल डाग, घासून सपाट केलेले. टॅक्सीवाला आणि किराणावाला अशा दोघांनी मिळून ह्यांना जेवणाच्या खुर्चीत बसवून आत उचलून नेलं. समोरच्या गॅलरीत तिघं-चौघं उभी होती. ज्या माणसाने एकतीस वर्षं बंदरावर क्रेन चालवली, लोकांचे टनावारी बोजे उचलून ठेवले, त्याला आपण उचलले गेलो हे सोसेना. आत आल्यावर एवढंच म्हणाले की मी कपाट नाही. त्या दिवसापासून घराबाहेर पाऊल नाही. व्यायामही बंद. अकरा दिवस झाले.

भावजयीला सांग, लोणचं नको, पत्र पाठव म्हणावं.

तुझी,
ताई


१२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. (गुडघे साथ देत नाहीत, तेव्हा साष्टांग कागदावरच समजून घे.)

तुझं पत्र वाचून तुझी भावजय रडली. मला राग आला, पण खरं सांगू? निम्मा राग तुझ्यावर. नोटीस आली की तिला उत्तर द्यायचं असतं, शुद्धलेखन तपासायचं नसतं.

तुला आवडणार नाही, पण सहा वर्षं मी आमच्या वसाहतीचा सेक्रेटरी आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. तुमचा सेक्रेटरी राक्षस नसेल. त्याच्या घरी जेवणाच्या वेळी फोन येत असतील. टाकीत पाणी नाही, शेजाऱ्याचं कुत्रं भुंकतं, कोणी माझ्या दारासमोर गाडी लावली. हे सगळं फुकट करायचं आणि वर शिव्या खायच्या. एकाला रेलिंग दिलं की दुसरा गॅलरी बंद करून खोली काढतो आणि तुझं नाव पुढे करतो. गेल्या वर्षी आमच्याकडे कोपऱ्यातल्या घरातले एक टेलिफोन ऑपरेटर, निवृत्त, नजर कमी होत चाललेली, त्यांनी अर्ज दिला की त्यांच्या दारापासून फाटकापर्यंत वाटेच्या कडेने पिवळा पट्टा मारून द्या, पिवळा तेवढा अजून दिसतो. आता सगळ्या वाटा राखाडी आणि मध्येच एक पिवळी! वसाहतीच्या सौदंर्यास बाधक म्हणून आम्ही नम्रपणे नाकारला. दुष्टपणाने नाही. कुठेतरी रेघ ओढावीच लागते.

तेव्हा भांडू नकोस. रीतसर अर्ज दे, सोबत डॉक्टरचा दाखला जोड. नमुना पाठवतोय. भाऊजींना म्हणावं, मी आलो की दोघं मिळून खांबापर्यंत जाऊ, आणि कोण आधी पोचतं ते पाहू. माझ्या गुडघ्यांची अवस्था बघता तेच जिंकतील.

तुझा,
गुंड्या


१ जुलै

चि. गुंड्यास,
आशीर्वाद.

तुझ्या नमुन्याप्रमाणे अर्ज दिला. कारकुनाने शिक्का मारला आणि सांगितलं की हा विषय सर्वसाधारण सभेत जाईल. सभा कधी, विचारलं. तर तीन वर्षांत झालेली नाही, कोणी मागितली नाही म्हणून. नियमांचं पुस्तक मागितलं. घरी देत नाहीत, प्रत काढू देत नाहीत, तिथेच बसून वाचा म्हणाला. मी तीन दुपारी त्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून सगळं पुस्तक हाताने उतरून घेतलं. शेवटच्या दिवशी त्यानेच पंखा माझ्याकडे वळवून दिला.

चौदाव्या नियमात लिहिलंय की एक पंचमांश सभासदांनी सहीनिशी मागितलं तर विशेष सभा बोलवावीच लागते. अठ्ठावीस सह्या. तर आता तुझी ताई सह्या गोळा करत फिरते. रोज चार वाजता निघते, साडेसहाला येते. पहिल्याच दिवशी कळलं की खणात नोटीस असलेली मी एकटी नाही. शिलाई करणाऱ्या बाईंना मापाचे कपडे मागच्या दोरीवरसुद्धा टांगायची मनाई. निवृत्त ड्रायव्हरने दारात बाक ठेवला होता, तो एका सकाळी उचलून नेला. बिचारा अजून त्याच जागी उभा राहून पेपर वाचतो. सगळे दारातच हळू आवाजात सांगतात, आणि सही म्हटली की चष्मा सापडत नाही. आतापर्यंत अकरा सह्या.

ह्यांच्या सहीवर हरकत आली. घर ह्यांच्या नावावर, त्यामुळे माझी चालत नाही. ह्यांनी डाव्या हाताने केलेली जुन्या सहीशी जुळत नाही. शेवटी कारकुनासमोर डाव्या हाताचा अंगठा दिला. घरी यायला तो कारकून तयार झाला, हे विशेष. अंगठा पुसताना हे माझ्याकडे बघेनात.

आता तुझं. तू बारा जूनच्या पत्रात 'सौदंर्यास बाधक' लिहिलं आहेस. अनुस्वार त्याच चुकीच्या अक्षरावर. चौथीत असताना तुझ्या वहीत मी हाच अनुस्वार शंभरदा दुरुस्त केला होता. मग नोटीस खणातून काढून परत वाचली, शेजारी तुझा नमुना ठेवला. वाक्याची बांधणी तीच, स्वल्पविरामही तिथेच. प्रुफं वाचून डोळे गेले असतील, पण हात ओळखायला अजून चुकत नाही मी. मला खरं काय ते लिही.

ताई


१० जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हो. माझंच आहे.

पाच वर्षांपूर्वी सेक्रेटरींचं एक शिबिर झालं होतं. प्रत्येक जण नोटिशी वेड्यावाकड्या लिहायचा, म्हणून मी एक नमुना तयार करून दिला. चाळीस-एक वसाहतींनी उचलला. टाळ्या पडल्या होत्या, मी घरी येऊन तुझ्या भावजयीला सांगितलं होतं की माझं लिखाण छापून आलं. तुलाही पाठवणार होतो, मग वाटलं तू लाल पेन काढशील. काढलं असतंस तर बरं झालं असतं.

आणखी एक सांगायला हवं. मूळ नियमांत लिहिलेलं असतं की काहीही हटवण्याआधी सभासदाला बोलावून त्याचं ऐकून घ्यावं. माझ्या नमुन्यात ते वाक्य होतं. मग कागद एका पानात बसेना, म्हणून मीच ते काढलं. त्या वेळी माझ्या डोळ्यासमोर माणूस नव्हता, पान होतं. तुझ्या उताऱ्यात ते बघ, विसाव्या नियमाच्या आसपास असेल. तुम्हाला कोणी बोलावलं नाही, म्हणजे त्यांनी त्यांचाच नियम मोडला. सभेत हेच धर. बाकी फाटे फोडू नकोस.

भाऊजींना यातलं काय सांगायचं ते तू ठरव. मला त्यांच्यासमोर यायचं धैर्य नाही. शर्यत तूर्त राहू दे.

तुझा,
गुंड्या


२८ जुलै

चि. गुंड्यास,
आशीर्वाद, जे काही उरलेत ते.

ह्यांना सगळं वाचून दाखवलं. म्हणाले की तुझ्या भावाला पहिल्यापासून कागद नीटनेटका लागतो. एवढंच. राग आहे की नाही, मला अजून कळलेलं नाही.

नियम एकविसावा आहे. वाक्य जसंच्या तसं आहे.

मी दमले आहे रे. सह्या एकतीस झाल्या होत्या. मग खजिनदार दारोदार फिरले, गोड बोलले. विशेष सभा झाली की वसाहतीचं नाव खराब होतं, घर विकायला जाल तेव्हा गिऱ्हाईक विचारेल. सात जणांनी सह्या मागे घेतल्या. चोवीस राहिल्या. त्या सातांतल्या एका बाईने तर सही खोडायला माझंच पेन मागितलं. मी दिलं. काय करणार.

दोन दिवस गेले नाही. पायाला सूज होती, पण ते निमित्त. लोकांच्या दारात उभं राहून तेच ते सांगायचा कंटाळा आला. आपल्याच घरात कसं राहायचं हे ठरवताना आपल्याला विचारा, एवढीशी गोष्ट. ती सांगताना मी भीक मागितल्यासारखी का वाकते, कळत नाही. तिसऱ्या दिवशी चार वाजता हे म्हणाले की चप्पल घाल. मी म्हटलं तुम्हाला काय, तुम्ही तर दारापर्यंतही येत नाही. वाईट बोलले मी. मी चप्पल घालून गेले. त्या दिवशी एक सही मिळाली, काल दोन. एक कमी आहे.

तुला विचारायचं होतं. ते पिवळ्या पट्ट्याचे टेलिफोन ऑपरेटर, त्यांच्या घरी तू नाकारण्याआधी गेला होतास का? की तेही कागदावरच?

ताई


५ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय. एक सही मिळेल. बाकाच्या ड्रायव्हरचा उल्लेख केलास, पण सही केली का ते लिहिलं नाहीस. ज्याची वस्तू उचलून नेली तो घाबरलेला असतो. त्याला नियम सांगू नकोस, बाकाबद्दल विचार.

ऑपरेटरांकडे गेलो नव्हतो. अजूनही गेलेलो नाही. टाकीच्या दुरुस्तीचं काम आहे, पाहणी आहे, आज उद्या करत राहिलं. खरं कारण तुला माहीत आहे.

तुझा,
गुंड्या


२ सप्टेंबर

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

ड्रायव्हरला बाकाबद्दल विचारलं. लाकूड कुठून आणलं, कसा जोडला, वार्निश किती दिवस वाळवलं, सगळं अर्धा तास सांगितलं आणि मी न मागता त्याने सही केली. सभा परवा, एकतीस ऑगस्टला झाली.

संघाची खोली वरच्या मजल्यावर, जिना चोवीस पायऱ्यांचा. सभा खाली अंगणात घ्या म्हणून पत्र दिलं. उत्तर आलं की प्रथा नाही. आणि बोलायला, मत द्यायला नावावर घर असलेला माणूसच हवा. म्हणजे मी तीन महिने पाय झिजवले आणि सभेत मला तोंड उघडायची सोय नाही. आदल्या संध्याकाळी मी कागदांचा गठ्ठा बांधून ठेवला आणि ह्यांना म्हटलं, राहू द्या, बाकीचे बघतील. हे भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले की चौघं माणसं बघ, उंचीने सारखी.

ड्रायव्हर आला, शिलाईवाल्या बाईंचे यजमान आले, शाळेतले व्यायामशिक्षक आले. चौथा कोण, तर वेल्डर. लावतानाही तोच होता आणि कापतानाही तोच. कमिटीने सांगितलं तेव्हा घर कोणाचं हे त्याने विचारलं नव्हतं, आल्यावर कळलं, पण यंत्र उतरवून झालं होतं. दारात येऊन उभा राहिला, मान वर करेना. ह्यांनी त्याला पुढचा डावा पाय धरायला सांगितलं.

आणि मग, गुंड्या, खुर्चीत बसल्यावर ह्यांनी डावा हात वर केला. बोट वर करून गोल फिरवलं, की उचला. तळवा आडवा, की हळू. मूठ मिटली की थांबा. बंदरावर खाली उभा असलेला माणूस क्रेनवाल्याला ज्या खुणा करतो त्या. जिन्याच्या वळणावर व्यायामशिक्षकांचा हात घसरायला लागला, तर ह्यांनी मूठ मिटली, चौघं जागच्या जागी थांबले, श्वास घेतला, पुन्हा बोट फिरलं. लोक जिन्यात मागे सरून बघत होते. मे महिन्यातही असेच बघत होते, पण तेव्हा हे डोळे मिटून होते. परवा उघडे होते.

वर गेल्यावर अध्यक्षांनी मला बाहेर बसायला सांगितलं. मी म्हटलं, ह्यांचं बोलणं झटक्यानंतर जड झालंय, कळलं नाही तर सांगायला तरी थांबते. थांबू दिलं. हे फार बोलले नाहीत. म्हणाले की मला खाली उतरायचं होतं. दोन पाइप लागत होते. कापायच्या आधी कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही. शब्द जड पडत होते, पण मला काही सांगावं लागलं नाही. मग मी खिडकीजवळ उभी राहिले आणि व्यायामशिक्षकांनी एकविसावा नियम मोठ्याने वाचला.

आता वाटेल की जिंकलो. ऐक. काहीही हटवण्याआधी सभासदाचं ऐकून घ्यायचं, हा ठराव झाला, त्रेपन्न विरुद्ध अडतीस. सभेचं इतिवृत्त कोणालाही मागितल्यावर द्यायचं, हाही झाला. पण आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना लागणाऱ्या सोयींसाठी परवानगी नको, नुसतं कळवलं की पुरे, हा तिसरा 'अभ्यासासाठी' पुढे ढकलला. आमचं रेलिंग एक वर्षापुरतं मंजूर. वर्षाने पाय नवा फुटणार आहे बहुतेक.

वेल्डर काल येऊन लावून गेला. हे संध्याकाळी उतरले. पूर्वीसारखं जमत नाही, तीन महिने फुकट गेले आहेत. खांब बराच लांब राहिला. दोन घरं ओलांडून थांबले, परत आले. मी पाठोपाठ होते. तिसऱ्या ठरावासाठी पुन्हा अठ्ठावीस सह्या लागतील. चार दिवस झोपणार आहे, मग बघू.

हे म्हणाले, गुंड्याला लिही की ये. कारण सांगितलं नाही.

भावजयीला आशीर्वाद. तू स्वतःला जप,
ताई


१६ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतो. तिकीट काढलंय. भाऊजींना सांग.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी ऑपरेटरांकडे गेलो. माझ्या घरापासून मोजून दोनशे पावलं, आणि सहा वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. घरच्या बाईंनी दार उघडलं. ते आत रेडिओजवळ बसले होते, इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. कोण आहे विचारलं. मी म्हटलं, सेक्रेटरी. ताई, ते उठून उभे राहिले. हाताने टेबल चाचपून रेडिओ बंद केला आणि विचारलं, आमचं काही चुकलं का?

बाईंनी घाईघाईने सांगितलं की कुंड्या आम्ही परवाच आत घेतल्या. मी म्हटलं, कुंड्यांसाठी आलो नाही, पट्ट्याबद्दल आलोय. त्यांना आठवायला वेळ लागला. मग हसले, अगदी सौजन्याने, आणि म्हणाले की त्याला आता दीड वर्ष झालं. आता पिवळाही दिसत नाही.

मी खाली मान घालून बसलो. त्यांना ते दिसलं नाही, हे बरं की वाईट, कळत नाही. अर्ज नाकारताना मी 'नम्रपणे' हा शब्द स्वतः घातला होता. बाईंनी चहा केला. चहा घेताना मी विचारलं की आता काय केलं तर तुम्हाला फाटकापर्यंत जाता येईल. दोर, कठडा, काय ते सांगा, कमिटीशी मी बोलतो, नाही ऐकलं तर सभेत मांडतो, सह्या मी गोळा करतो. ते म्हणाले की बाहेर जायचं आहे का, हाच विचार करावा लागेल; जायचं नाही असं मनाला समजावून फार दिवस झाले. विचार करून सांगतो म्हणाले.

मी म्हटलं, मी येत जाईन. आज सहावा दिवस. रोज संध्याकाळी जातो. आता उभे राहत नाहीत, पावलं ओळखतात. जुन्या एक्स्चेंजमधल्या गमती सांगतात, बातम्या ऐकतो, चहा पितो, परत येतो.

अजून त्यांनी काही मागितलेलं नाही.

तुझा लोभ होता तेवढाच राहू दे, कमी करू नकोस, इतकंच मागणं.

तुझा,
गुंड्या